धुराआधीचं लोणी

आमच्या सांगबायिली गावात लोणी विकणारीचं लोणी कोणी आधी बघत नाही. आधी तिचा हात बघतात. बाजारात गिऱ्हाईक समोर उकिडवं बसलं की मनगट धरून हात उलटा करतं, कोपरापर्यंत नजर फिरवतं, अंगठ्याने कातडी घासतं आणि मग वाडग्यातल्या, शिआ झाडाच्या बियांपासून काढलेल्या गोळ्याकडे वळतं. जे स्वतःच्या अंगाला लागत नाही ते दुसऱ्याच्या अंगाला काय लागणार, असा सरळ हिशेब. त्यात चूक काही नाही. मी पण तसंच बघते.

आणि हात बघावा तर निमातूताईचा. निमातू म्हणजे माझी थोरली सवत. सवत म्हटलं की लोकांना वाटतं रोज एकमेकींच्या झिंज्या उपटत असतील. तसं नव्हतं आमच्यात. अधूनमधून भांडायचो, पण भांडायचो ते पोटभर, आणि मग एकाच परातीत साघम, पिठाचा घट्ट गोळा, जेवायचो. तिची नातवंडं व्हायची वेळ आली होती तरी हात असा, की अंधारात धरला तर नवीन नवरीचा वाटावा. कोपरापर्यंत लगद्यात बुडवून ती मळायला बसली की बाकीच्या बायका आपलं मळणं थांबवून बघायच्या. तपकिरी लगदा तिच्या हाताखाली पांढरा व्हायचा, फेस वर यायचा, आणि तो हाताने उचलून ती दुसऱ्या घमेल्यात टाकायची. मी मळलं तर फेस यायला दुप्पट वेळ. मला ताई म्हणायची, "सिकिना, तू लोणी काढत नाहीस, त्याच्याशी कुस्ती खेळतेस."

त्या साली धूळवारा लवकर आला. वाळवंटाकडून येतो तो, दर वर्षीच येतो, पण त्या साली उतरला तो जायचं नाव घेईना. दुपारीसुद्धा सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता यायचं. ओठ फुटले, टाचा उलल्या, हसायचं म्हटलं तरी आधी ओठ ओले करावे लागत. अशा दिवसांत लोण्याला गिऱ्हाईक तुटून पडतं, म्हणून आम्ही बायका पावसाळ्यात वेचलेल्या बिया याच दिवसांसाठी राखून ठेवतो. बिया फोडायच्या, पिंपात घालून आगीवर फिरवत भाजायच्या, गिरणीतून दळून आणायच्या, मग मळण. भाजण्याचं काम ताईचं. ते मापात जमावं लागतं. कमी भाजलं तर लोणी सुटत नाही, जास्त भाजलं तर जळका वास येतो आणि मग ते कोणी फुकट घेत नाही.

पण भाजायला लाकूड हवं ना. कोळसा पाडणाऱ्यांनी आसपासची झाडं केव्हाच नेली होती. ताई आणि मी पहाटे निघून लांब जायचो आणि एवढीएवढीशी काटकी घेऊन यायचो. तेव्हा आमचे हे, म्हणजे झिबलिम, एके दिवशी तीनचाकी भरून घेऊन आले. जुने टायर, कापून तुकडे केलेले. वर फाटक्या चपलांची दोन पोती.

"हे घ्या," म्हणाले, आणि मिशीत हसले. "आता डोक्यावर लाकडं वाहायला नको. एक तुकडा टाकला की पिंप लालेलाल."

सासूबाई अंगणात बसून भेंडी वाळत घालत होत्या. पहिला तुकडा पेटला तशी त्यांनी पदराने नाक धरलं.

"अरे, वास बघ काय येतोय. मेलेलं गाढव जाळल्यासारखा."

"आई, वासाने आजवर कोणी मेलं नाही."

"गाढव तर मेलं," सासूबाई म्हणाल्या.

पण पिंप खरंच गरम झालं, भराभर. धूर काळा आणि जड, वर जायच्या ऐवजी भिंतीला टेकून आमच्या झोपड्यांकडे सरकायचा. भाजायची शेड घराच्या उगवतीला, वारा तिकडूनच, त्यामुळे सगळा धूर अंगणात. आम्ही खोकलो, डोळे पुसले, आणि सवय करून घेतली. ह्यांनी आपल्या परीने बायकांचे कष्ट वाचवले होते, त्यांना नावं ठेवायला मन होत नव्हतं.

ताईची एक रीत होती. पहाटे उठून अंघोळ करायची आणि कपाळापासून पावलापर्यंत लोणी चोळायचं, मगच आगीपुढे जायचं. तिच्या आईने सांगितलं होतं, लोणी करणारीने कोरड्या अंगाने आगीपुढे उभं राहू नये, कातडी करपते. मी कसली एवढी नेमाची. मी आपली दिवसभर राखेसारखी फिरायची आणि सांज झाली की अंघोळ करून लोणी लावायची. त्यावरून ताई मला रोज बोलायची. "अंगावर रेघोट्या उमटल्यात, बघ. लोणीवाल्या घरची सून म्हणून सांगशील तर लोक हसतील."

आधी तिच्या गालावर पुरळ आलं. बारीक, मोहरीएवढं. मग मानेवर, मग दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत. खाज अशी की ती पिंपाचा दांडा सोडून हात भिंतीला घासायची. पुरळ फुटलं, त्याच्या खपल्या झाल्या, खपल्या निघाल्या तिथे काळे डाग पडले आणि डागांच्या कडेने चिरा गेल्या. मळताना लगद्यात हात घातला की तिचे डोळे मिटायचे.

"ताई, आज मी मळते," मी म्हटलं.

"तू मळलंस तर बाजार परवा भरेल."

"भरू दे की."

"बस गप. गरम पाणी आण."

औषधं सगळी झाली. कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने अंघोळ. मशिदीतल्या आफांनी, म्हणजे मौलवींनी, पाटीवर आयत लिहिली, ती धुतलेलं पाणी ताईने प्यायलं आणि उरलेलं हातांना लावलं. आणि लोणी तर काय, घरचंच. जितकी खाज वाढली तितकं तिने लोणी वाढवलं. पहाटे लावायची, भाजताना मधेच थांबून पुन्हा लावायची. शेडमधल्या खांबाला लोण्याचं वाडगं टांगूनच ठेवलं होतं. हात चकचकीत दिसायचे आणि खालून लाल.

बाजाराच्या दिवशी मी तिच्या शेजारीच बसले होते. तामालेहून एक बाई यायची, अमामाता नावाची, शहरात लोणी नेऊन विकायची. कित्येक वर्षांची ओळख. ती दुसरीकडे घासाघीस करायची, पण ताईपाशी आली की नुसतं वाडगं पुढे करायची. त्या दिवशीही आली, बसली, घरच्यांची चौकशी केली, गुरांची चौकशी केली. ताईनेही सगळ्याला "बरं आहे" म्हटलं. ओढणी मनगटापर्यंत ओढून घेतली होती तिने.

अमामाताने मनगट धरलं. ओढणी वर सरकवली. अंगठा फिरवायला गेली आणि मधेच थांबली.

"हे काय गं निमातू?"

"धूळवारा. यंदा जरा जास्तच आहे."

"धूळवारा सगळ्यांनाच आहे," अमामाता म्हणाली. आवाज चढवला नाही तिने, उलट खाली आणला. ताईचा हात तिने हळूच ताईच्याच मांडीवर ठेवला, परक्याची वस्तू परत ठेवावी तसा. "आज राहू दे. मागचं उरलंय माझ्याकडे."

मग ती पलीकडे गेली आणि शेजारच्या मोसीगू गावच्या बायकांपाशी बसली. मागचं उरलं होतं तर तिथे काय करत होती, हे आम्हाला दिसतच होतं. हळूहळू बाकीच्यांनीही तेच केलं. दिवस कलला तशी लोण्याची भरलेली परात आम्ही जशी आणली तशी डोक्यावर घेतली. वाटेत ताई एवढंच म्हणाली, "बरोबर आहे तिचं. मी असते तर मी पण घेतलं नसतं."

त्याच सुमाराला वुनपिनी आली. ताईची मुलगी, पहिलं बाळंतपण, आणि आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी. ताई किती महिने या दिवसाची वाट बघत होती. बाळासाठी म्हणून वेगळं लोणी काढून, तीनदा धुऊन, छोट्या तुंब्यात भरून तिने उंच टांगून ठेवलं होतं. नातवंडाला पहिल्या दिवसापासून आजीने न्हाऊ घालायचं, लोणी लावून हातपाय ओढायचे, डोकं गोल करायचं, पाठ सरळ करायची. आजीने न्हाऊ न घातलेलं मूल पुढे वाकडं चालतं, असं आमच्याकडे म्हणतात. कोणी तसा वेडावाकडा चालताना दिसला की विचारतात, काय रे, आजी नव्हती का तुला?

मुलगी झाली. नाव पुढे तियुम्बा ठेवलं. पहिल्या अंघोळीचं पाणी तापलं, ताई बाही वर करून स्टुलावर बसली, पाय पुढे पसरले आणि हात पुढे केले.

सासूबाईंनी बाळ दिलं नाही. त्या ताईच्या हातांकडे बघत उभ्या राहिल्या.

"निमातू," त्या म्हणाल्या, "हे हात घेऊन?"

ताईने हात मागे घेतले नाहीत. "आई, हे लागण होणारं नाही. मी सिकिनाच्या शेजारी झोपते, तिला कुठे झालंय?"

"मला काय ठाऊक काय आहे ते. तुला ठाऊक आहे? काल जन्मलेलं पोर आहे. सिकिना, तू बस."

मी वुनपिनीकडे बघितलं. तिने मान खाली घातली. आईच्या बाजूने बोलावं असं तिला वाटत असणार, पण पोर तिचं होतं आणि तिला भीती वाटत होती. ताई उठली. मी बसले, आणि ते इवलंसं ऊन ऊन अंग माझ्या पायांवर आलं. खरं सांगते, मला आनंद झाला. माझी कूस कधी उजवली नाही. दुसऱ्यांची पोरं कडेवर घेतली, पण न्हाऊ घालायला मला कोण देणार होतं? ताईच्या दुःखावर माझा आनंद उभा होता हे मला दिसत होतं, तरी तो होत होता. त्याला मी काय करू?

"पाणी कोण ओतणार?" सासूबाई म्हणाल्या.

"मी ओतते," ताई म्हणाली. तुंबा उचलून ती माझ्या डोक्याशी उभी राहिली आणि बारीक धारेने पाणी ओतत राहिली. मधेमधे सांगत होती. मानेखाली हात घे. घाबरू नकोस, मोडत नाही ती. काख उघड. लोणी आधी तळहातावर वितळव. मी तसंच करत गेले. रोज असंच. हात माझे, बाळ तिचं, आणि मधे पाणी.

न्हाऊ घातलं की लोण्याने चमकणारं बाळ दुपट्यात गुंडाळून वुनपिनी दारात बसायची, उजेडाला. तोवर ताई शेडमध्ये जाऊन पिंप पेटवायची.

थोडे दिवस गेले आणि बाळाच्या गालावर पुरळ उठलं. मोहरीएवढं.

सासूबाईंनी बाळ उजेडात धरलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं, मग उंचावर टांगलेला तो छोटा तुंबा काढला आणि ताईपुढे ठेवला.

"हात लागले नाहीत, पण लोणी तुझंच."

"तीनदा धुतलंय मी ते."

"तुझ्याच हातांनी ना?"

दुपारी सासूबाईंनी ह्यांना मोसीगूला पाठवलं आणि तिथल्या बायकांकडून लोण्याचा गोळा विकत आणला. सांगबायिलीतल्या निमातूच्या घरात विकतचं लोणी! पानात बांधलेला तो गोळा अंगणातून आत नेताना मला लाज वाटली, जणू काही मीच चोरून आणला होता. ताईने बघितलं आणि ती शेडमध्ये निघून गेली. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं राहिलं, तसं तिचं झालं. मळायचं बंद झालं होतं कारण विकत कोणी घेत नव्हतं. भाजायचं तेवढं चालू, कारण भाजलेल्या बिया तरी दुसऱ्यांना देता येत. म्हणजे धुपाटणंच की.

आणि विकतच्या लोण्यानेही पुरळ गेलं नाही. वाढलं. बाळ आता रात्रंदिवस किरकिरायचं, गाल दुपट्याला घासायचं.

कडुनिंबाखाली तराजू टांगून बाळांची वजनं करतात, त्या दिवशी आम्ही सगळ्याच गेलो. नर्सबाई दक्षिणेकडची, एफुआ नावाची. आमची भाषा ती मोडकी बोलायची, पण माणूस शांत. तिने बाळ उघडं केलं आणि बोट फिरवत गेली.

"मांडीच्या घडीत नाही. काखेत नाही. दुपट्याखाली पोटावर, पाठीवर नाही. गालावर, कपाळावर, या हातावर आहे. जिथे उघडं, तिथे."

"लोण्याने झालंय," सासूबाई म्हणाल्या.

"लोणी कुठे कुठे लावता?"

"सगळ्या अंगाला."

"मग सगळ्या अंगाला व्हायला हवं होतं, आजी." नर्सबाईने ताईकडे बघितलं. "तुमचंही दाखवा."

ताईने डोक्याचं फडकं सोडलं. इतके दिवस एका अंगणात राहून मी ते बघितलं नव्हतं. फडकं जिथे असायचं तिथपर्यंत कपाळ पहिल्यासारखं नितळ, आणि तिथून खाली रेघ मारल्यासारखे काळे डाग. कपड्याखालच्या पोटऱ्या मात्र चांगल्या.

"घरात काय जाळता?"

"लाकूड," सासूबाई पटकन म्हणाल्या. घराची अब्रू त्यांना फार.

"टायर," ताई म्हणाली. "आणि चपला."

नर्सबाई रागावली नाही. तिने उसासा सोडला, एवढंच. "धुरात विष असतं त्याच्या. पोरीला लांब ठेवा. साध्या पाण्याने पुसून घ्या. हे मलम लावा. तुम्ही पण." आणि पुढच्या बाळाकडे वळली.

घरी येताना सासूबाई वाटभर पुटपुटत होत्या. धूर काय आज आलाय का, त्यांच्या आईने जन्मभर धुरात स्वयंपाक केला, धूर सगळ्यांनाच लागतो, मग सिकिनाला का नाही झालं? ताईचं चालणं मात्र बदललं होतं. ती पुढे पुढे जात होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने फुटलेल्या तुंब्याच्या तीन खापा घेतल्या, आतून घासून पांढऱ्या केल्या. दोन खापांना लोणी फासलं, एक कोरडी ठेवली. लोण्याची एक धान्याच्या कोठीत नेऊन ठेवली. दुसरी लोण्याची आणि ती कोरडी, दोन्ही वुनपिनीच्या दारावर, बाळ असायचं तिथे. बाळाला आणि वुनपिनीला तिने आधीच मागच्या झोपडीत हलवलं होतं. मग पिंप पेटवून रोजच्यासारखी भाजायला लागली. फक्त त्या दिवशी अंगाला लोणी लावलं नाही.

"ताई, कोरडीच?"

"बघू."

उन्हं उतरली तशी तिने तिन्ही खापा आणून अंगणात ह्यांच्या पुढ्यात मांडल्या. हे जेवायला बसले होते. सासूबाई शेजारी. कोठीतली खाप पिवळसर, जशीच्या तशी. कोरडी खाप मळकी होती. ताईने ती उचलून फुंकर मारली, फडक्याने पुसली, बरीचशी काजळी गेली. मग तिने लोण्याची खाप उचलली. ती काळी झाली होती. फुंकर मारली, काही उडालं नाही. पुसली, तर काळं सगळीकडे पसरलं आणि आणखी आत बसलं.

"हा माझा गाल," ताई म्हणाली. "आणि हाच पोरीचा."

मी माझ्या हातांकडे बघितलं. सांजेला अंघोळ करून मग लोणी लावणारी मी. माझ्या अंगावर धूर बसायचा आणि पाण्याबरोबर जायचा. ताई नेमाची, म्हणून ती आधी लोणी लावायची आणि दिवसभराचा धूर अंगावर धरून ठेवायची, आणि खाज सुटली की वरून आणखी लोणी. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, इथे तर औषधानेच रोगाला घरात थारा दिला होता. आणि ती मला आळशी म्हणायची. एरवी मी यावरून तिला महिनाभर छळलं असतं.

"म्हणजे तुझ्या आईने सांगितलं ते चुकीचं?" सासूबाईंनी विचारलं.

"आईचं चुकीचं नव्हतं," ताई म्हणाली. "आईच्या वेळी लाकूड होतं."

ह्यांनी हातातला घास परातीत परत ठेवला. "मी तुमच्यासाठीच आणलं होतं," म्हणाले.

"ठाऊक आहे."

"आता लाकूड कुठून आणू मी?"

"चोथा आहे की. लोणी काढून उरलेला. भिंती लिंपायला गावाला वाटतो तो वाळवून जाळू."

"चोथा धुमसत बसतो. वेळ लागेल."

"लागू दे," सासूबाई म्हणाल्या. ताईकडे बघून नव्हे, परातीकडे बघून. पण म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी टायर परत तीनचाकीत भरले. चहाच्या टपरीवरून जाताना सगळ्यांनी विचारलं, काय झिबलिम, गाडीपेक्षा टायर जास्त झाले का? ज्याच्याकडून आणले होते तो परत घेईना, म्हणून माघारी आणावे लागले आणि टपरीवरच्यांना पुन्हा एकदा हसता आलं. शेवटी ह्यांनी ते शेताच्या कडेला मातीत अर्धे पुरून शेळ्यांचं कुंपण केलं. मग शेड मोडली आणि घराच्या मावळतीला उभारली, म्हणजे धूर घरावरून न जाता उघड्या रानात जाईल. मदतीला कोणाला बोलावलं नाही. खांब एकट्याने पुरले.

बाळाचं पुरळ लवकर गेलं, नवी कातडी ती. ताईचं चिकट निघालं. खाज थांबली, खपल्या गेल्या, चिरा मिटल्या, पण डाग राहिले आणि तळवे खरखरीत राहिले. ती आता काम संपवून अंघोळ करायची आणि मग लोणी लावायची, माझ्यासारखी. मी एकदाच म्हटलं, "आळशी झालीस गं ताई." तिने ओला टॉवेल फेकून मारला.

मळण सुरू झाली. बाजारात मात्र तिचे डाग अजून दिसत होते, म्हणून ती मला शेजारी बसवायची आणि गिऱ्हाईक आलं की माझा हात पुढे करायची. "हा बघा. हिला माझंच लोणी." आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हाताला किंमत आली. अमामाताही आली. तिने माझा हात बघितला, मग ताईचा, डागांसकट, आणि पहिल्यासारखंच वाडगं पुढे केलं.

सगळं असं रांगेला लागत होतं, पण न्हाऊ अजून मीच घालत होते. तसं कोणी ठरवलं नव्हतं, फक्त बदललं नव्हतं. सासूबाईंनी एकदा जे सांगितलं ते परत घ्यायची त्यांना सवय नाही. ताई कधी मागत नव्हती. आणि मी? मी रोज ठरवायचे की उद्या देईन. बाळ आता मला ओळखायला लागलं होतं. पायांवर घेतलं की हसायचं, माझं बोट धरायचं, पाठीवर हात फिरला की डोळे मिटून घ्यायचं. उद्या देईन म्हणत मी किती सकाळी ढकलल्या कोण जाणे.

मग एका सकाळी पाणी तापलं, मी स्टुलावर बसले, सासूबाईंनी बाळ माझ्या पायांवर ठेवलं. ताई तुंबा घेऊन माझ्या डोक्याशी उभी. पाणी ओतायला तिने हात पुढे केला आणि बाळाने तिच्या मनगटावरच्या डागाला हात लावला. ताईने लगेच हात मागे घेतला. कोणी म्हटलं नव्हतं काही. तिचा तिनेच घेतला.

मी उठले.

"माझं मनगट दुखतंय," मी म्हटलं. "ताई, आज तू घाल."

"कुठे दुखतंय?" ताईने मनगट धरलं, अंगठ्याने दाबलं. "इथे?"

"तिथेच."

"इथे तर काही नाही."

"मला दुखतंय ना. तुला काय कळतंय?"

ताईने माझ्याकडे बघितलं. मग सासूबाईंकडे. सासूबाई भेंडी निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. "पाणी निवतंय," एवढंच म्हणाल्या.

ताईने हात कोपरापर्यंत धुतले. नाकाशी नेऊन वास घेतला. पुन्हा धुतले. मग ती स्टुलावर बसली, पाय पसरले, आणि मी तियुम्बाला तिच्या पायांवर ठेवलं.

बाळ रडायला लागलं. तळवे खरखरीत होते ना तिचे, आणि हात अनोळखी. लोणी लावलेले हात पाठीवर फिरले तशी ती अंग आक्रसून किंचाळली आणि मान वळवून मला शोधायला लागली. तिला मी दिसले. तिने माझ्याकडे दोन्ही हात केले.

ताईचा चेहरा उतरला. "घे गं," ती म्हणाली. "तुझीच सवय आहे तिला. घे तू."

मला घ्यायचं होतं. देवाशपथ घ्यायचं होतं. तुंबा माझ्या हातात होता, तो मी घट्ट धरून ठेवला.

"रडू दे," मी म्हटलं. "होईल सवय. मानेखाली हात घे, ताई."

आणि मी बारीक धारेने पाणी ओतत राहिले.